कोणता कॅमेरा घेऊ, भाऊ?

गॅदरिंगचे फोटो नोटीस बोर्डाशेजारी लागले की पुढचे आठ दिवस होस्टेलवर मला एकच प्रश्न विचारला जातो, "भाऊ, कोणता कॅमेरा घेऊ?" विचारणारा बहुतेक वेळा आपल्याच जिल्ह्यातला असतो. मेहकर, चिखली, संग्रामपूर, मोताळा, असा कुठला तरी. घरी पाच-सात एकर कोरडवाहू, सोयाबीन नाहीतर कपाशी. त्याच्या डोक्यात एक आकडा घोळत असतो आणि तो आकडा बाबांच्या कानावर कसा घालायचा याची जुळवाजुळवही चालू असते. म्हणून हा प्रश्न मी थट्टेवारी नेत नाही. कॅमेऱ्याचे पैसे म्हणजे त्या घरात एका हंगामाच्या बी-बियाण्याचे पैसे असू शकतात. मी काही मोठा फोटोग्राफर नाही, हौशी माणूस आहे. पण आपण सगळे इंजिनिअरिंगवाले, तेव्हा उत्तर 'अमुक कंपनीचा घे' असं न देता थोडं गणित मांडून देतो. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी आकडे गाळून वाचावं. मात्र मग माझ्याशी वाद घालायला येऊ नये!

सुरुवात खिशातल्या मोबाइलपासून करू. कॅमेरा म्हणजे शेवटी प्रकाश गोळा करायचं भांडं. पावसात पातेलं ठेवलं तर त्यात किती पाणी जमेल हे तीन गोष्टींवर ठरतं. पातेल्याचं तोंड केवढं, पाऊस किती जोराचा आणि पातेलं किती वेळ बाहेर ठेवलं. सेन्सरचं क्षेत्रफळ हे पातेल्याचं तोंड, लेन्सचं अ‍ॅपर्चर म्हणजे पावसाचा जोर आणि शटर म्हणजे वेळ. आयएसओचं नाव यात मुद्दाम घेतलं नाही. आयएसओने एक थेंबही जास्त जमत नाही. तो अ‍ॅम्प्लिफायरचा गेन आहे. टेपरेकॉर्डरचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही मोठी होते, तसंच. फोटोतली खरखर म्हणजे ते रंगीत दाणे. प्रकाशाचे कण मुळात कमी जमले की दाणे दिसतात आणि यातला हिशोब वर्गमुळाचा आहे. प्रकाश चौपट केला तर सिग्नल-नॉइज गुणोत्तर दुप्पट होतं, चौपट नाही.

फोटोग्राफीत प्रकाश दुप्पट होणं याला एक 'स्टॉप' म्हणतात. म्हणजे सगळा मामला दोनच्या लॉगरिदमचा. लेन्सवरचे आकडे पाहा: एफ/१.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. प्रत्येक आकडा मागच्याला दोनच्या वर्गमुळाने गुणून आलेला. कारण आकडा व्यासाचा आहे आणि प्रकाश क्षेत्रफळावर जातो. एवढं एकदा डोक्यात बसलं की मॅन्युअल मोडची भीती निम्मी संपते.

आता तुलना. साध्या डीएसएलआरचा एपीएस-सी सेन्सर सुमारे २२ बाय १५ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळ ३३० चौरस मिलिमीटर. बऱ्यापैकी फोनचा मुख्य सेन्सर धरा ८ बाय ६, म्हणजे ४८. गुणोत्तर जवळपास सात, म्हणजे पावणेतीन स्टॉप. डीएसएलआर जिंकला? थांबा. फोनची लेन्स एफ/१.८ असते आणि कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची किट लेन्स सगळ्यात उघडी असताना एफ/३.५. इथे फोन जवळपास दोन स्टॉप परत मिळवतो. राहिला फरक एका स्टॉपहून थोडा कमी. त्यातून आजचा फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो काढून एकमेकांवर रचतो आणि सरासरी घेतो, म्हणजे तोही फरक पुसला जातो. झूम करून ५५ वर गेलात तर किट लेन्स एफ/५.६ होते आणि आणखी प्रकाश जातो. (अर्थात तिथे फोनचा डिजिटल झूमही केविलवाणा होतो, तो मुद्दा वेगळा.)

म्हणजे कर्ज काढून घेतलेला नवा कॅमेरा आणि त्यासोबतची किट लेन्स संध्याकाळच्या वेळी तुमच्या फोनपेक्षा फारसा चांगला फोटो देणार नाही, हे गणितच सांगतं. दुकानात हे कुणी सांगत नाही.

पण त्याच कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर एफ/१.८ची साधी, प्लास्टिकची, हलकी लेन्स लावा. आता अ‍ॅपर्चर फोनइतकंच आणि सेन्सर सातपट. पावणेतीन स्टॉपचा पूर्ण फायदा हातात. ही लेन्स नवी घेतली तरी बऱ्या फोनपेक्षा स्वस्त पडते. म्हणून माझं ठाम मत आहे की बॉडी जुनी चालेल, दहा वर्षांपूर्वीची चालेल, पैसे लेन्समध्ये घालावेत. बॉडीचं मॉडेल दरवर्षी शिळं होतं. काच शिळी होत नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. बॉडीचे किती क्लिक झालेत ते विचारा, शटर हा झिजणारा भाग आहे. लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, घेऊ नका. धुळीचे दोनचार कण दिसले तर काही बिघडत नाही, फोटोत येत नाहीत. आपल्याकडे उन्हाळा कोरडा म्हणून बुरशीची भीती नाही असं समजू नये, जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातले चपलांचे जोड पांढरे होतात ते आठवा. हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यात काम भागतं. मे महिन्यात मात्र कॅमेरा पत्र्याच्या खोलीत किंवा उभ्या गाडीत ठेवू नका.

एवढं सामान पुरे. आता जाऊ लोणारला. आपल्या जिल्ह्यात राहून ज्याने लोणारचा फोटो काढला नाही असा हौशी फोटोग्राफर नसेल आणि लोणारच्या फोटोवर जो खूश आहे असाही मला अजून भेटायचा आहे! प्रत्यक्षात केवढं भव्य दिसतं आणि फोटोत मात्र बशीत सांडलेल्या चहासारखं येतं. असं का होतं हे कागदावर मांडून पाहू.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आतल्या तळ्याचा सुमारे १.२ किलोमीटर, काठापासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३७ मीटर. तळ्याची पातळी कमी-जास्त होते, पण अंदाजाला हे आकडे ठीक. काठावर उभे राहिलात तर तळ्याचा मध्य ९०० मीटरवर आणि तळ्याची त्रिज्या ६०० मीटर. मग तळं आडवं किती अंशांत पसरलेलं दिसेल? ६०० भागिले ९०० याचा व्यस्त साइन ४१.८ अंश, त्याची दुप्पट म्हणजे सुमारे ८४ अंश. उभ्या दिशेत पाहू. जवळचा किनारा ३०० मीटरवर, तो क्षितिजाखाली सुमारे २५ अंश. पलीकडचा किनारा १५०० मीटरवर, तो फक्त ५ अंश खाली. म्हणजे तळं रुंदीला ८४ अंश आणि उंचीला २०. ही चारास एक अशी लांबट पट्टी आहे. तुमच्या किट लेन्सचा १८ मिलिमीटरला आडवा आवाका सुमारे ६५ अंश. तळं बसतच नाही. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचंही तेच. मग लोक अल्ट्रावाइड लेन्स वापरतात. तीत तळं बसतं, पण फोटोचा निम्म्याहून जास्त भाग आभाळ आणि पायाखालचे दगड खातात आणि पाणी मध्ये बारीक रेघ होऊन बसतं.

यावर नवी लेन्स हा उपाय नाही. कॅमेरा उभा धरा. उभ्या फ्रेमची रुंदी सुमारे ४५ अंश. प्रत्येक फोटो मागच्यावर एक-तृतीयांश चढवायचा, म्हणजे दर फोटोला ३० अंश पुढे. ४५ अधिक ३० अधिक ३०, झाले १०५. तीन फोटोंत अख्खं तळं! आणि काठावरून विवराची पूर्ण कड १८० अंशांत दिसते, ती हवी असेल तर सहा फोटो. नंतर कॉम्प्युटरवर जोडायचे, मोफत सॉफ्टवेअर भरपूर आहेत. मात्र एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर कुलूपबंद करा, नाहीतर जोडाच्या जागी आभाळाचे पट्टे दिसतात. जवळची एखादी फांदी फ्रेममध्ये आली तर जोड फसतो. तेव्हा आपण गोल फिरण्यापेक्षा लेन्सच्या जागेभोवती कॅमेरा फिरवायचा.

फोकस कुठे करायचा, हाही प्रश्न येतो. १८ मिलिमीटर, एफ/८. फोकल लेंथचा वर्ग ३२४, भागिले ८ गुणिले ०.०२. उत्तर २०२५ मिलिमीटर, म्हणजे दोन मीटर. दोन मीटरवर फोकस केला की एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्वच्छ. 'जास्त डेप्थ हवी' म्हणून एफ/२२ लावणाऱ्यांनी फर्स्ट इयरचं अप्लाइड फिजिक्स काढून बसावं. बारीक छिद्रातून प्रकाश वाकतो. त्या ठिपक्याचा व्यास २.४४ गुणिले तरंगलांबी गुणिले एफ-नंबर. हिरव्या प्रकाशासाठी एफ/८ला सुमारे ११ मायक्रॉन, एफ/२२ला जवळपास ३०. आणि सेन्सरचा पिक्सेल असतो चारेक मायक्रॉनचा. म्हणजे चोवीस मेगापिक्सेलचे पैसे मोजून आपणच फोटो पुसट करून घेतो. व्हायव्हात जे पाठ केलं ते कुठे वापरतात असं विचारणाऱ्यांना हे एक उत्तर.

वेळ कोणती? पोस्टरवर 'पहाटेची सोनेरी वेळ' असं छापलेलं असतं, पण लोणारला पहाट उशिरा होते! पूर्वेचा काठ आडवा येतो. तळ्याच्या मध्यावर ऊन पडायला सूर्य सुमारे ९ अंश वर यावा लागतो. आपल्या अक्षांशावर मार्च-सप्टेंबरमध्ये सूर्य तासाला सुमारे १४ अंश चढतो, म्हणजे सूर्योदयानंतर चाळीस मिनिटं. अगदी पूर्वेकडच्या किनाऱ्याला ऊन मिळायला पावणेदोन तास. त्या दरम्यान पश्चिमेची भिंत उजळलेली आणि तळ काळोखात, असा जबरदस्त फरक असतो. जेपेग फाइलला तो झेपत नाही. रॉ फाइल घ्या, किंवा कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन फोटो काढा. उजेड समोरून किंवा पाठीमागून नको, बाजूने हवा. म्हणजे सकाळी उत्तर किंवा दक्षिण बाजूला, जिथे जायला मुभा आहे तिथे, उभं राहायचं. मग उतारावरच्या घळी सावलीने कोरल्यासारख्या दिसतात.

मे महिन्यात दुपारी तर जाऊच नये. लोणारचा अक्षांश सुमारे २० अंश उत्तर. सूर्याची क्रांती २० अंश होते २० मेच्या आसपास आणि परतीला २३ जुलैच्या आसपास. त्या दिवशी मध्यान्हीला खांबाची सावली खांबाच्या पायातच पडते. शून्य सावली म्हणजे शून्य खोली, फोटो सपाट. याउलट डिसेंबरच्या शेवटी मध्यान्हीलासुद्धा सूर्य ४७ अंशांच्या खालीच असतो आणि सावली जवळपास वस्तूच्या उंचीएवढी पडते. म्हणून माझ्या मते आपल्याकडे फोटोग्राफीचा हंगाम दिवाळीच्या सुट्टीपासून फेब्रुवारीपर्यंतचा. नेमक्या त्याच काळात सेमिस्टर परीक्षा असते, त्याला आपण काय करणार! लोणार गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरचं कोरीव काम पाहायचं तर हीच तिरपी उन्हं लागतात. समोरून फ्लॅश मारला की देवांचे चेहरे भाकरीसारखे सपाट होतात.

आता एक गंभीर मुद्दा. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. लॉकडाऊनचे दिवस, घरात बसलेला महाराष्ट्र मोबाइलवर ते फोटो पाहत होता. नासाने उपग्रहाची चित्रं प्रसिद्ध केली. पाण्याचे नमुने तपासले गेले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांचं रंगद्रव्य हे कारण पुढे आलं. रंग खरा होता. पण त्या वेळी फिरलेले फोटो शेजारी ठेवून पाहा. एकाच पाण्याच्या किती छटा! कुठे फिकट गुलाबी, कुठे रूह अफजा, कुठे तर बीट कापल्यासारखा. काही फरक उन्हाचा, काही फोनच्या ऑटो व्हाइट बॅलन्सचा, आणि बराचसा सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ओढणाऱ्या अंगठ्याचा. खरी घटनाच इतकी नवलाची असताना तिला रंगवायची गरज काय होती? उलट ज्या दिवशी असा बदल होतो त्या दिवशी साधा, प्रामाणिक फोटो पुढच्या अभ्यासकाला पुराव्यासारखा उपयोगी पडतो. यासाठी महागडं काही लागत नाही. फ्रेमच्या एका कोपऱ्यात, त्याच उन्हात, एक पांढरा कागद धरायचा. नंतर तो कागद पांढरा होईल एवढीच दुरुस्ती करायची. तारीख, वेळ आणि उभं राहण्याची जागा लिहून ठेवायची.

हे मी एवढं लांबवतोय कारण लोणारच्या बाबतीत मोजमापच बदलत आलंय. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या विवराची नोंद केली. बराच काळ ते ज्वालामुखीचं मानलं गेलं, मग उल्कापाताचं सिद्ध झालं. वय आधी सुमारे ५२ हजार वर्षं धरलं जाई, पुढे आर्गॉन पद्धतीच्या कालमापनाने ते सुमारे ५.७ लाख वर्षांवर गेलं. नोव्हेंबर २०२० मध्ये ते रामसर स्थळ झालं. आपल्यापैकी दहा जणांनी जरी एकाच जागेवरून दर महिन्याला एकेक साधा फोटो काढला, तरी चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये पाण्याच्या पातळीची ४८ महिन्यांची नोंद तयार होईल. स्पर्धेत बक्षीस मिळणार नाही, पण काम होईल. (ड्रोनचा विचार मनात आला असेल तर, ते अभयारण्य आहे, परवानगीशिवाय ड्रोन नाही. उगाच कॉलेजचं नाव खराब करू नका.)

नांदुऱ्याच्या हनुमानाबद्दलही सगळे विचारतात. १०५ फूट म्हणजे ३२ मीटर. जवळ उभं राहून कॅमेरा वर वाकवला की मूर्ती मागे कलंडल्यासारखी आणि डोकं लहान येतं. कॅमेरा अगदी सरळ, उभा धरला आणि १८ मिलिमीटर ठेवलं, तर वरच्या बाजूचा आवाका ३२ अंश. डोळ्यांपासून वर साडेतीस मीटर, भागिले टॅन ३२. उत्तर सुमारे ४९ मीटर. तेवढं मागे जायचं, खालची अर्धी फ्रेम नंतर कापायची. मागे जाताना हायवेकडे लक्ष असू द्या, मारुतीराया प्रत्येकाला उचलून न्यायला येणार नाही!

आता शिकण्याबद्दल. घरात शोधा, वडिलांची नाहीतर काकांची जुनी यशिका सापडेल. तिच्यात ३६ फोटोंचा रोल जायचा. एका लग्नात एक रोल, फार तर दोन. वरात, अक्षदा, जेवणाच्या पंगती, आहेर, रडणारी नवरी, सगळं ३६मध्ये बसवायचं. दाबण्याआधी माणूस विचार करायचा. मी स्वतःला हाच नियम लावून घेतलाय. रविवारी बाहेर पडायचं, एकच लेन्स, ३६ क्लिक, बाहेर असताना स्क्रीनवर पाहायचं नाही. आणि प्रत्येक क्लिकआधी एक्स्पोजरचा अंदाज तोंडाने बोलायचा. लख्ख ऊन असेल तर सोपं आहे: एफ/१६ आणि शटर एक भागिले आयएसओ. आयएसओ १०० ला एफ/१६, १/१००. एफ/८ हवं तर दोन स्टॉप उजेड वाढला, शटर १/४००. झाडाखाली सावलीत तीन-चार स्टॉप खाली. महिनाभरात डोळाच मीटर होतो. मित्र म्हणतात, "काहून येवढा ताप करून घेतं बे, ऑटोवर टाक ना." ऑटोवर टाकावं, काही पाप नाही. पण पांढऱ्या कपाशीच्या ढिगाचा फोटो ऑटोवर करडा येतो आणि काळ्या म्हशीचाही करडा येतो. कारण मीटरला सगळं जग मध्यम करडं वाटतं. कपाशीला एक-दीड स्टॉप वाढवायचा, म्हशीला तेवढाच कमी करायचा. हे यंत्राला माहीत नाही, आपल्याला आहे.

शिकवायला कुणी नाही, क्लब नाही, क्लास पुण्या-मुंबईला, अशी तक्रार असते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळात डॉक्टरकी सांभाळून फोटो काढत होते. तेव्हा काचेच्या प्लेटा, रसायनं, सगळं स्वतःच्या हाताने. अलीकडचे गौतम राजाध्यक्ष घ्या. रसायनशास्त्राचे पदवीधर, जाहिरात कंपनीत नोकरी आणि जोडीला कॅमेरा. पुढे सिनेमातल्या चेहऱ्यांचे त्यांनी काढलेले फोटो घराघरांत पोचले. त्यांचे चेहऱ्यांचे फोटो मिळतील तिथे पाहा आणि प्रकाश कुठून येतोय ते डोळ्यांतल्या चमकत्या ठिपक्यावरून ओळखा. एक मोठी खिडकी, समोर पांढरी चादर, यावर होस्टेलच्या खोलीत तसा प्रयत्न करता येतो. आमच्या विंगमधल्या अर्ध्या पोरांचे नोकरीच्या अर्जावरचे फोटो असेच निघालेत.

माणसांचे फोटो हा मात्र वेगळा विषय आहे, आणि तिथे एफ-नंबर कामाला येत नाही. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. गटारात उतरलेली माणसं, त्यांची घरं, त्यांच्या बायका-पोरं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो पाहिलेत तर लक्षात येईल की कॅमेरेवाला तिथे एक दिवस जाऊन आलेला नाही, तो राहिलेला आहे. आपल्याकडे याच्या उलट चालतं. ज्या घरात आत्महत्या झाली त्या घरी बाहेरून लोक कॅमेरे घेऊन येतात, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोखाली त्या बाईला बसवतात, "जरा इकडे पाहा ताई" म्हणतात आणि निघून जातात. आपल्यातल्या काहींच्या गावांत, काहींच्या नात्यात हे घडलंय. त्यांना विचारा कसं वाटतं. म्हणून मला वाटतं, 'ग्रामीण जीवन' या विषयावर स्पर्धेला फोटो पाठवायचा म्हणून कुणाच्या अंगणात घुसू नये. आधी बसावं, चहा घ्यावा, नाव सांगावं, फोटो कशाला हवा ते सांगावं. नाही म्हणाले तर कॅमेरा बॅगेत. हो म्हणाले तर पुढच्या वेळी चार बाय सहाचा प्रिंट नेऊन द्यावा. सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीची गर्दी असते. तिथे काढलेल्या एका आजींना मी त्यांचा प्रिंट पोचवला. त्यांच्याकडे तरुणपणीचा एकही फोटो नव्हता, हा मोठेपणीचा पहिलाच नीट. त्यांनी तो देव्हाऱ्याशेजारी लावला आणि मला म्हणाल्या, "आता मी गेल्यावर पोट्टे हाच लावतीन." मला काय बोलावं सुचलं नाही. लेन्स कोणती होती हे त्या प्रिंटवरून कुणी सांगू शकणार नाही, एवढं खरं.

आणि ज्यांच्याकडे या घडीला फोनशिवाय काहीच नाही त्यांच्यासाठी दादासाहेब फाळके. त्यांनी बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकून गोध्र्याला स्टुडिओ काढला होता. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याच्या आधी, १९१२ मध्ये, पैसे लावणाऱ्यांना पटवायला त्यांनी एक छोटा चित्रपट केला: वाटाण्याच्या रोपाची वाढ. कॅमेरा जागेवर पक्का, रोप कुंडीत, आणि रोज ठरावीक फ्रेम. बी फुटून रोप होतं ते पडद्यावर मिनिटभरात दिसलं. विषय कुंडीतला, खर्च फिल्मचा, आणि चिकाटी बेसुमार.

हे आपल्या होस्टेलवर या आठवड्यात होण्यासारखं आहे. मेसमधून मूठभर मूग आणा. अर्धा ग्लास ओली माती, काचेच्या कडेला बी लावा म्हणजे मूळ दिसेल. उत्तरेची खिडकी निवडा, तिथे ऊन सरळ येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो. फोन पुस्तकांच्या ढिगावर चिकटपट्टीने घट्ट, चार्जर लावलेला, एक्स्पोजर आणि फोकस लॉक, दर अर्ध्या तासाला एक फोटो घेणारं अ‍ॅप. रात्रीसाठी टेबललॅम्प एकाच जागी चालू. दहा दिवसांचे ४८० फोटो होतात, सेकंदाला २४ या वेगाने २० सेकंद. फोन दहा दिवस अडकतो, म्हणून तडा गेलेला जुना फोन कुणाकडे असेल तर तोच वापरा. बी ब्लॉकमधल्या दोघांनी हरभऱ्यावर सुरू केलंय, चौथ्या दिवशी मूळ काचेला टेकलं. रूम पार्टनरला तेवढं सांगून ठेवा की ग्लास हलवायचा नाही आणि त्यात पाणी पिऊन उरलेलं ओतायचं नाही.